पुढं जावई, मागं सासरा

आजकाल लोक हौसेनं पळतात अन् बिल्ले मिरवतात. आमी बहात्तरच्या दुष्काळात जनावरांसाठी पळलो, लेको! आमच्या पुसेगावच्या छावणीतला चारा संपला व्हता. माझी सासुरवाडी शिरड शहापूर. तिथल्या एका बागायतदारानं पैज लावली, "तीन दिवसांत पळत ये, चार गाड्या कडबा देतो. वाटेत गाडीत बसलास तर काडी मिळायची न्हाई."

पहिल्या दिवशी हिंगोली, दुसऱ्या दिवशी औंढा. तळपाय सोलून निघाले. तिसऱ्या दिवशी शिरडच्या अलीकडं सासरा बैलगाडी घेऊन आडवा आला.

"जावई पायी आला तर गाव मला हसंल. बसा!"

"बसलो की कडबा गेला, मामा."

जावई पायी अन् सासरा गाडीत, हे त्याला कसं शोभावं? त्यानं गाडी गड्याकडं दिली, धोतर खोचलं अन् माझ्या मागं पळत सुटला.

वेशीवरल्या लोकांना वाटलं, म्हातारा मला मारायला धावून राहिला. दोघा पैलवानांनी मला धरलं.

"काय केलं रे आमच्या पोरीला? टाका गाडीत, न्या चावडीवर!"

मी वेशीवर उभ्या गाडीच्या चाकाला मिठी मारली. "मारा, पण गाडीत घालू नका!"

तेवढ्यात सासरा पोचला. दम खाऊन म्हणला, "सोडा त्याला. पोरगी सुखात हाये. मलाच पळवून पळवून मारून राहिला ह्यो!"

हसता हसता त्यांचे हात सुटले अन् मी बागायतदाराच्या अंगणात पळतच शिरलो. कडबा मिळाला. सासरा मात्र दोन दिवस बाजेवरून उठला न्हाई.