कोंबडीतली तुळस

"तुळस घातली गं कोंबडीत! आता हिच्या हातचं पाणी तरी कसं प्यायचं?" सासूबाई अंगणात फोनवर नणदेला सांगत होत्या, आणि मी आत खिडकीशी भांडी घासत होते.

तुम्ही हसाल, पण हट्ट माझ्या नवऱ्याचा, ह्यांचाच होता. "ते थाई चिकन कर की, झटपट होतंय." त्याला लागणारी बेसिलची पानं आमच्या सणसरसारख्या गावात कुठली मिळायला? म्हणून त्याच जातीच्या, तुळशीसारख्या दिसणाऱ्या सब्ज्याचं रोपही ह्यांनीच बारामतीच्या नर्सरीतून आणून गच्चीवर ठेवलं होतं. मी मटणाच्या वेगळ्या कढईत लसूण-मिरची परतली, चिकन टाकलं, सोया सॉस घातला आणि वरून मूठभर पानं.

"लई न्यारं लागतंय," म्हणत सासरे, म्हणजे आबा, दुसऱ्यांदा वाढून घेत होते. तेवढ्यात सासूबाईंनी ताटातलं पान उचलून हुंगलं. "आगं बया, ही तर तुळस हाय!"

आबांनी ताटातच हात धुतला. कढई उकिरड्यावर पालथी झाली. मी ह्यांच्याकडे पाहिलं, तर हे मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेले.

फोन झाल्यावर सासूबाईंच्या देखत आबांनी मला हाक मारली. "सूनबाई, तुळशीम्होरं नाक घासून माफी माग." ह्यांचं डोकं अजून मोबाइलमध्येच.

लग्न झाल्यापासून मी त्या घरात 'हो' आणि 'बरं' एवढंच बोलले होते. त्या दिवशी म्हणाले, "आबा, तो सब्जा होता, आणि ह्यांना ते पहिल्या घासापासून ठाऊक आहे. माझं नाक घासायच्या आधी ह्यांचं तोंड उघडा."