प्रत्येकाला वेगळं दार

(ओसाका. भाड्याचं एका खोलीचं घर. सुमेधा लॅपटॉप मिटून बाल्कनीचं काचेचं दार सरकवते.)

सुमेधा : अगं बाई! बाबा, तुम्ही इथे? मला वाटलं, खालच्या कोनबिनी दुकानात दूध आणायला गेलात.

विश्वनाथ : हळू बोल. तुझे प्रोफेसर ऐकतील.

सुमेधा : संपला ऑनलाइन वर्ग. आत या आधी. हात बघू... गारठलेत नुसते. कडी मीच लावली का हो?

विश्वनाथ : ट्रेनचा आवाज नको म्हणून लावलीस, रोजच्यासारखी. मी वाळलेले कपडे काढत होतो. पडद्यामुळे दिसलो नसेन.

सुमेधा : मग काच वाजवायची ना!

विश्वनाथ : वाजवणार होतो, तेवढ्यात तू वर्गापुढे बोलायला लागलीस. छान बोललीस हो. काचेतूनसुद्धा कळत होतं सगळं. ती इंग्लंडमधली म्हाताऱ्यांची घरं, काय म्हणतात त्यांना?

सुमेधा : आल्म्सहाउस. ते राहू द्या आता. ही शाल घ्या, चहा टाकते.

विश्वनाथ : कुणी श्रीमंत व्यापारी गावातल्या निराधार म्हाताऱ्यांसाठी बांधून द्यायचा. मधे चौक, भोवती ओळीनं खोल्या. प्रत्येकाला वेगळं दार, वेगळी शेगडी. बरोबर ना?

सुमेधा : हो. छपरावरची धुराडी मोजली की आत किती बिऱ्हाडं ते कळतं.

विश्वनाथ : ते फार आवडलं मला. आणि अजून राहतात म्हणे लोक तिथे. चारशे वर्षांची घरं, नि चुली चालू!

सुमेधा : बाबा, पुरे ना. काय काय बडबडले मी! म्हातारी माणसं कोपऱ्यात सारायची नसतात, असंसुद्धा म्हणाले. आणि सकाळी तुम्हालाच बजावलं, कॅमेऱ्यात येऊ नका.

विश्वनाथ : खोली एवढीशी. कुठेही बसलो तरी मी दिसणारच. तुझं काय चुकलं त्यात?

सुमेधा : चुकलं. आई गेल्यावर पुण्याचं घर बंद करायला लावून मीच आणलं तुम्हाला, हट्टानं. आणि दूध आणायला तासभर का लागतोय, हे माझ्या मनातही आलं नाही. लाज वाटते हो मला. शेवटी वर्गातल्या त्या ओनिशी-सान म्हणाल्या, तुमच्याकडे वडीलधाऱ्यांना किती मान असतो! मी खुशाल मान डोलावली.

विश्वनाथ : ऐकलं ते. तेव्हा फार थंडी वाजत होती. वाजवायला हात उचललाच होता मी.

सुमेधा : मग?

विश्वनाथ : मग खाली घेतला. त्या बाईसमोर तू खोटी पडली असतीस.