म्हात्रेच्या शिव्यांची कॅसेट

हसू नका, पण मी एकदा शेजाऱ्याच्या शिव्या चोरून टेप केल्या होत्या. भिवंडीतलं आमचं घर लूमच्या कारखान्याला चिकटून. त्या खडखडाटात नवरा-बायकोनंही ओरडूनच बोलायचं. लाईट गेली की लूम थांबायचे, आणि नेमका तेव्हाच शेजारचा म्हात्रे मला शिव्या घालायचा. म्हटलं, आता केसच करतो. टेपरेकॉर्डरमध्ये सेल घातले, लाईट गेल्याबरोबर बटण दाबलं आणि दुसऱ्या दिवशी कॅसेट घेऊन वकिलांकडे गेलो.

"साहेब, त्याला न विचारता टेप केलंय. कोर्टात चालेल, का उलट मीच आत जाईन?"

"आधी ऐकवा तर."

पहिला आवाज माझाच! हिच्याशी बोलत होतो, पण रोजच्या सवयीनं, लूमच्या वरताण: "या म्हात्रेला काडीची अक्कल नाही! बैल आहे नुसता!"

मग भिंतीपलीकडून म्हात्रे: "बैल तुझा बापूस!"

माझं तोंड बघण्यासारखं झालं. वकिलांनी कॅसेट काढून हळूच माझ्या खिशात घातली.

"पुरावा पक्का आहे. फक्त म्हात्रेच्या हाती लागू देऊ नका."