भोंग्याची चाचणी

पुरानंतर नदीकाठची बाग पुन्हा उघडली होती. होडीच्या तिकिटाच्या रांगेत माझ्यापुढे एक नवरा-बायको उभे होते; त्यांची लेक उताराखाली काठाशी खेळत होती.

“अहो, मनीला वर बोलवा. पाण्यात उतरलीय ती.”

“काठाला घोटाभर तर पाणी आहे. तुझं आपलं काहीतरीच!”

“पुराच्या दिवशीही आधी घोटाभरच होतं.”

“म्हणून तर भोंगा बसवलाय. धरणाचं पाणी सोडलं की वाजतो.”

“मग आता का वाजतोय?”

“चाचणी असेल गं. रोजच घेतात. बघ, कुणी हललं तरी का?”

मीही हललो नव्हतो.

“अहो तिकीटवाले, ही चाचणीच ना?”

“चाचणी सकाळीच झाली, ताई.”

नवरा रांग सोडून उताराकडे धावत सुटला.

“मने! ए मने! चपला राहू देत, आधी वर ये!”