मागे वळायचं नाही!

...आणि वर मलाच म्हणतात, "तू मध्ये बोलू नकोस, तुला व्यवहारातलं काही कळत नाही!" मला! अहो, तुम्हाला सांगते, आमच्या ह्यांनी आयुष्यात साधा कंगवा पहिल्या भावात घेतलेला नाही. ह्यांची एक पद्धत आहे. भाव ऐकायचा, तोंड वाकडं करायचं आणि सरळ चालू लागायचं. विकणारा हाक मारतोच, भाव उतरवतोच. फक्त पहिल्या हाकेला थांबलात की संपलं. मागे वळायचं नाही! फ्रीज घेतला तेव्हा त्या दुकानदारानं हाक मारायला इतका वेळ लावला, की आम्ही चालत चालत घरी पोचलो... दुसऱ्या दिवशी गुपचूप जाऊन त्याच भावात आणला. पण वळलो का? नाही!

बरं, ते आपलं गाव होतं. पण परदेशातल्या विमानतळावर, पैसे बदलून देणाऱ्या खिडकीशी हे करायचं? तिथे डोक्यावर लाल आकड्यांत भाव लिहिलेला असतो हो! इकडे लेकीचे दिवस भरलेले, तिच्या गावाला जायला दुसरं विमान धरायचं, हातात जेमतेम तास. जावईबापूंनी फोनवर सांगितलेलं, "आई, टॅक्सीला इथले रोख पैसेच लागतात, थोडे डॉलर विमानतळावरच बदलून आणा." थोडे! एवढंच काम!

पहिल्या खिडकीत एक चष्मेवाले गृहस्थ. हे म्हणाले, "लास्ट किती?" त्यांनी नुसतं बोट वर केलं, पाटीकडे. झालं! तोंड वाकडं, चालू पडले. मी मागून, बाळाच्या दुपट्यांची पिशवी सांभाळत, गुडघा कुरकुरतोय... "आता बोलावतो बघ," हे पुटपुटले. कोण बोलावतंय? दुसऱ्या खिडकीवर मोठी पाटी, 'कमिशन नाही'. हे खूश! आणि भाव बघितला तर आधीच्याहून वाईट. कमिशन कशाला लावतील, कापायचे ते आधीच कापलेले! पुन्हा चालू पडले. त्या खिडकीतल्या बाईनं मान वर केली असेल तर शपथ!

तिसऱ्या खिडकीत एक मुलगी होती, आमच्या लेकीच्याच वयाची. हसून बोलली, डॉलर घेतले, दोघांचे पासपोर्ट घेऊन यंत्रावर ठेवले, आणि किती मिळतील तो आकडा कॅल्क्युलेटरवर दाखवला. भाव बरा होता हो! चांगला होता! मी कोपरानं ढोसलं, "घ्या की आता!" पण छे... ह्यांनी नाक मुरडलं, डॉलर उचलले आणि निघाले तरातरा!

आणि काय सांगू, मागून हाक! "सर! सर!"

ह्यांचा चेहरा असा उजळला... आमच्या लग्नातसुद्धा इतका उजळला नव्हता. "ऐकलंस? आली हाक! चल, चल, मागे वळायचं नाही!" "अहो, ती धावतेय!" "धावू दे! जितकी धावेल तितका भाव वाढेल!" ती "सर! मॅडम!" ओरडतेय, हे पळतायत, लोक बघतायत, आणि मला पुढे एक पाऊल टाकवेना. मी गुडघ्यावर हात ठेवून थांबले... आणि वळले!

ती पोर दोन्ही बूट एका हातात घेऊन अनवाणी येत होती. आणि दुसऱ्या हातात, अहो, आमचे दोन्ही पासपोर्ट!

ते राहिले असते तर कुठलं विमान आणि कुठली लेक! तिकडे ती कळा देतेय आणि तिची आई इथे दारात अडकलीय... मला रडूच फुटलं. तिनं मला धरून बाकावर बसवलं, पाणी दिलं. खिडकीशी रांग खोळंबलेली, कोणीतरी तिच्यावर डाफरत होतं, पण ती माझा हात सोडेना. देव भलं करो तिचं. अजून रोज दिवा लावताना तिची आठवण काढते मी, नावसुद्धा विचारायचं राहिलं बघा.

हे आले खाली मान घालून. रांगेत शेवटी उभे राहिले, आणि पाळी आल्यावर सगळे डॉलर तिच्यापुढे ठेवले. ती हळूच म्हणाली, "सर, थोडेच बदला, गावात भाव चांगला मिळेल." ह्यांनी काय म्हणावं? "नको बेटा, सगळे इथेच!" अहो, चांगला भाव समोरून चालत आला आणि ह्यांनी तो नाकारला! मी चक्क चिमटा काढून बघितला... ह्यांना.

विमान मिळालं. पहाटे नात झाली, दोघी सुखरूप. मला वाटलं, चला, माणूस सुधारला. आणि आता बाळाला बघायला जो येईल त्याला हे मांडी ठोकून काय सांगतात? "परदेशातसुद्धा चालते हो आपली पद्धत! शेवटी मारलीच की नाही तिनं हाक?"

मी आपली नातीला उचलते आणि आतल्या खोलीत जाते. हे मागून हाका मारतात, "अगं, ऐक तरी! अगं..."

मी वळत नाही.