कमळजाबाईंनी पालिकेला कळवलं

मंडळी, ऐका! आज एकच सवाल घेऊन उभा आहे. चांगलं काम करायला निघालेल्या माणसानं जगाला विचारावं, की कळवावं? हसताय? उत्तर सोपं वाटतंय ना? मग ऐकाच!

एका नदीच्या दोन काठांवर दोन शहरं, मधे पूल. अलीकडच्या शहरात कमळजाबाई तांबट. चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवून रिटायर झालेल्या. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर कलेक्टरलाही अंगठे धरायला लावतील अशी बाई! पती वामनराव, फुप्फुसं थकलेली. श्वास चालतो ऑक्सिजनच्या मशीनवर. आणि मशीन कशावर? विजेवर! वीज गेली की बाई सिलिंडर लावायच्या, आणि तो संपेल या धास्तीनं नवऱ्याच्या ओठांचा रंग बघत बसायच्या.

म्हणून ठरलं — गच्चीवर सोलर, खाली बॅटरी. पलीकडच्या शहरात धाकट्या बहिणीनं तेच केलेलं. पालिकेला एक कागद दिला, आठव्या दिवशी घरातला पंखा उन्हावर फिरला! आणि अलीकडे? नकाशा आणा, इंजिनियरचा दाखला आणा, शेजाऱ्यांची ना-हरकत आणा! आता शेजारी काय हरकत घेणार हो — आमच्या वाटचं ऊन खाल्लं म्हणून? सात महिने फायलीची टेबलांभोवती प्रदक्षिणा, पण देव काही पावेना!

मे महिन्यात वीज चार तास गेली. दुसरा सिलिंडर संपता संपता परत आली. त्या दिवशी बाई रडल्या. दुसऱ्या दिवशी पूल ओलांडून तिकडच्या नियमाची प्रत घेऊन आल्या. इकडचीही मागून घेतली. ओळीला ओळ लावून बघतात तर काय — काना-मात्रेचाही फरक नाही! दोन्हीकडे तेच वाक्य : 'घरमालकाने सोलर बसवण्यापूर्वी पालिकेस कळवावे.'

गेल्या बांधकाम विभागात. साहेब म्हणाले, कळवावे म्हणजे परवानगीच घ्यावी, आमच्याकडे पहिल्यापासून असंच चालतं. बाईंनी पदर खोचला.

"साहेब, लेकीचं लग्न ठरलं की तुम्ही पाहुण्यांना कळवता, की पाहुण्यांना विचारता?"

बाईंनी लगेच पिशवीत हात घातला.

"मग हे घ्या. कळवलं."

टेबलावर काय ठेवलं, मंडळी? कुंकवाचं बोट लावलेली पत्रिका! 'आमचे येथे श्रीकृपेकरून गुरुवारी सकाळी दहा वाजता गच्चीवर सोलर बसवण्याचे योजिले आहे. अगत्य येणेचे करावे.' पोच म्हणून शिक्का मारून घेतला, मगच उठल्या.

गुरुवारी साहेब आले. अक्षता टाकायला नव्हे हो — काम थांबवायची दोन पानी नोटीस घेऊन! वर ड्रिलची घरघर चालू. बाई दारातच उभ्या.

"घर यांच्या नावावर आहे. नोटीस यांना द्या. आणि यांची वाचून होईपर्यंत बसा."

वामनरावांनी नोटीस हातात घेतली. दोन शब्द वाचले — दम. दोन शब्द — पुन्हा दम. मशीनची नळी नाकात, बोट ओळीवर. साहेबांना ते बघवेना, उठूनही जाता येईना. अर्धा तास गेला, तास गेला. वरच्या पोरांना बाईंनी बजावलेलं, हात थांबवायचा नाही! दुसरं पान उलटलं, आणि वरून हाक आली, शेवटचा नट आवळला म्हणून.

वामनरावांनी नोटीस परत दिली.

"वाचली, साहेब. आता... थांबवायला काम कुठंय?"

आता तुम्ही बोला, मंडळी! लबाडानं लबाडीआधी कधी कुणाला विचारलंय? मग भल्यानंच का रांगेत उभं राहायचं? सुनेला पुढं शिकवायचंय, भावाशी अबोला सोडायचाय, आणि आपण बसलोय लोक काय म्हणतील याची वाट बघत! तोवर आपल्याच घरात कुणाचा श्वास अडकलाय, ते आधी बघा. उठा, ताठ मानेनं कळवा, आणि कामाला लागा!