तीन नंबरची खिडकी

सून : आई, आत्ता काही विचारू नका! दहाला निकाल लागला, साडेदहा झाले, आणि मुलांना तो दिसतच नाहीये. अकरापर्यंत नीट नाही झालं, तर साहेब हे काम माझ्याकडून काढून घेणार.

सासूबाई : कॉम्प्युटरवर एवढी ओरडतेस, ते ऐकून आले गं. साइट बंद पडली का?

सून : तेच तर! चालू आहे. चार सर्व्हर आहेत. आलेली मुलं त्यांच्यात वाटायची. ज्याच्यापुढे रांग कमी, त्याच्याकडे पुढचा. हे वाटप मीच लावलंय.

सासूबाई : हात्तिच्या! तिकीटखिडक्याच की या. जन्म गेला माझा त्यात. कुणाची रांग कमी आहे?

सून : तीन नंबरची. फार हुशार निघाला तो. बाकीच्यांपुढे वीस-वीस जण, याच्यापुढे माणूस टिकत नाही. म्हणून बहुतेक गर्दी त्याच्याकडेच जातेय.

सासूबाई : आणि रडणारी मुलं कुणाच्या खिडकीवरची?

सून : ते... नाही बघितलं. पण तो कामावर आहे हो. दर पाच सेकंदांनी त्याला 'आहेस का?' विचारलं जातं. 'आहे' म्हणतो.

सासूबाई : म्हणणारच! आमच्याकडे होता एक नमुना. हजेरीला पहिला, दिवसभर खुर्चीत. समोर कुणी आलं की मान वर न करता, 'तिकीट नाही, पुढे चला!' रांग काय भराभर सरकायची त्याची! नवीन साहेबांनी खूश होऊन सगळ्यांना त्याच्याकडेच वळवलं.

सून : थांबा. थांबा थांबा... (कीबोर्डचा खडखडाट) अगं बाई! हा येईल त्याला 'निकाल उपलब्ध नाही' म्हणून हाकलतोय! याच्याकडे निकालाची फाइलच पोहोचली नाहीये!

सासूबाई : मग बघतेस काय? कर खिडकी बंद.

सून : केली. बाकी तिघांवर ताण आलाय, पण... चाललंय. आई, दिसायला लागले निकाल!

सासूबाई : आणि यापुढे नुसतं 'आहेस का' विचारू नकोस. 'एक तिकीट काढून दाखव' म्हणावं.

सून : तस्संच करते. थांबा, साहेबांचा फोन... हो सर, झालं. नाही सर, मी नाही शोधलं. आमच्या सीनियर मॅडमनी. हो, फार अनुभवी आहेत. सांगते त्यांना.

सासूबाई : काय गं हे? थापा कशाला मारायच्या?

सून : यातला एक तरी शब्द खोटा होता का?

सासूबाई : नाही, तसं नाही... रिटायर झाल्यापासून मला मॅडम कुणी म्हटलं नव्हतं.